सर्जापूर रोडवरचा खरज

१९ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहिलं. सर्जापूर रोडवरच्या विप्रोच्या आवारातून मोजक्या गाड्यांना वाट करून द्यावी, म्हणजे इब्लूर जंक्शनच्या आसपास रिंग रोडवरची कोंडी जवळजवळ ३० टक्क्यांनी सैल होईल, अशी त्यात विनंती होती. आठवड्याच्या आत उत्तर आलं. जागा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मालकीची, त्यातही विशेष आर्थिक क्षेत्रातली, तेव्हा सार्वजनिक रस्ता म्हणून ती खुली करता येत नाही. मात्र वाहतुकीचा शास्त्रीय अभ्यास होणार असेल तर त्याच्या खर्चात कंपनी हातभार लावेल. १९४५ साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तूप काढायला निघालेली ही कंपनी. तिच्या फाटकापाशी राज्य सरकारला रस्ता मागावा लागला, हे वाचून खानदेशातल्या कुणाला हसू आलं असेल तर तो रोज संध्याकाळी सहाला त्या फाटकासमोर उभा नसणार, एवढं नक्की.

आम्ही उभे असतो. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात बेंगळुरात दहा किलोमीटर कापायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात असं निघालं, आणि शहर जगात तिसरं आलं. चौथं पुणं होतं: ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे हिंजवडी सोडून इकडे आलेल्या पुणेकरानं दर दहा किलोमीटरमागे ४८ सेकंद जास्तीचे मोजले, बदल्यात हवा बरी मिळाली. अर्थात सरासरीत सर्जापूर रोड मावत नाही. आगरा ओलांडलं की इब्लूर, मग कैकोंड्रहळ्ळीचं तळं, विप्रो, दोड्डकन्नेल्ली, कारमेलारमचं स्टेशन, कोडती, दोम्मसंद्र, आणि हे सगळं मागे टाकल्यावर ज्याच्या नावानं रस्ता आहे ते सर्जापूर. हेब्बाळपासून सर्जापूरपर्यंतची ३६.५९ किलोमीटरची मेट्रो अजून कागदांवरून धावते आहे. तोवर गाडी.

काचा वर, इंजिन संथ, बाहेर हॉर्न. रोज दीड-दोन तास कुणी हाक मारत नाही अशी दुसरी जागा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाकडे नसते, आणि तिथं बसून करण्यासारखं एकच काम असतं, ऐकणं. नव्या गाडीत त्याची सोय कारखान्यातूनच होऊन येते. प्रश्न जुन्या गाडीवाल्यांचा, आणि ते इथं भरपूर आहेत. कुणी पुण्याहून येताना वडिलांची गाडी घेऊन आलं, बारा महिन्यांच्या वर ठेवायची म्हणून कर्नाटकात पुन्हा नोंदणी केली, रोड टॅक्स भरला, आणि एवढं केल्यावर आता ती विकवत नाही. कुणी मुद्दाम सेकंडहँड घेतली, कारण या कोंडीत नव्या गाडीला ओरखडा आला की जीव जातो. माझी २००८ सालची स्विफ्ट आहे. तिची आजची किंमत आणि एखाद्या महागड्या फोनची किंमत यांत फार अंतर उरलेलं नाही. तिच्या आवाजावर पन्नास हजार घालणं हा वेडेपणा, आणि काहीच न घालणं म्हणजे रोज दोन तास खरखर. मधला आकडा पंधरा हजारांच्या आसपास येतो.

त्या पंधरा हजारांबद्दल माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पैसा पहिल्यांदा दारांच्या पत्र्यावर आणि वायरिंगवर घालावा, मग पुढच्या दोन स्पीकरवर, आणि चमकणारी स्क्रीन सगळ्यात शेवटी, उरलंच तर. बाजारात नेमका याच्या उलट क्रमानं माल दाखवतात.

गाडीत गाणं वाजवायची हौस जुनी आहे आणि ती मुळात श्रीमंतांची. शिकागोच्या गॅल्विन कंपनीनं १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिलं. पुढे ते कंपनीचंच नाव झालं. युरोपातला पहिला कार रेडिओ १९३२ चा, बर्लिनच्या आयडियल कंपनीचा ‘एएस ५’. वजन १५ किलो, आणि किंमत छोट्या गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ही आयडियल म्हणजेच नंतरची ब्लाउपुंक्ट. बॉशनं ती १९३३ मध्ये घेतली, पंचाहत्तर वर्षं सांभाळली आणि २००८ च्या अखेरीस कार स्टिरिओचा तो धंदा विकायला काढला. बॉशचं भारतातलं मुख्यालय सर्जापूर रोडच्या कोरमंगल टोकापासून जवळच, आडुगोडीत आहे. ब्लाउपुंक्टचं नाव आजही दुकानांतल्या खोक्यांवर दिसतं, पण ते आता परवान्यावर दिलेलं नाव. नाव ओळखीचं म्हणून डोळे झाकून माल घेण्याचे दिवस गेले.

आपल्याकडे रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे त्या काळात गाडीत रेडिओ म्हणजे मालक डॉक्टर किंवा कारखानदार. मग फिलिप्सची १९६३ ची कॅसेट आली, ती गाडीत शिरली, आणि १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या मागच्या काचेखालच्या फळीवर पुढे सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकर दिसायला लागले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत तर त्यांच्याभोवती रंगीत दिवेही असायचे. चोरीच्या भीतीनं अख्खा डेक खाचेतून ओढून घरी न्यायचा, पुढे नुसतं त्याचं तोंड काढून खिशात घालायचं. ती खाच ठरलेल्या मापाची होती, हे त्या पिढीचं भाग्य: १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच, १९८४ चं जर्मन प्रमाण. जर्मनीचा डेक गुडगावच्या गाडीत बसायचा. जुन्या गाडीची खरी श्रीमंती ही खाच आहे. तिच्याबद्दल शेवटी पुन्हा बोलावं लागेल.

बेंगळुरात अशा कामाला लोक जे. सी. रोडला जातात. टाउन हॉलपाशी निघणाऱ्या या रस्त्यावर सीट कव्हर, हॉर्न, आरसे, डेक आणि स्पीकर यांची दुकानं दाटीनं आहेत. सुट्या वायरी, फ्यूज, कनेक्टर हवे तर जवळच एस. पी. रोड. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची नाना पेठ पाहिलेल्याला इथं बुजायला होत नाही. रस्त्याचं पूर्ण नाव जयचामराजेंद्र रोड, म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांचं. इथं स्पीकर घेणाऱ्या-विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की हे महाराज ध्वनिमुद्रणाचे मोठे आश्रयदाते होते. निकोलाय मेट्नर हा रशियन संगीतकार लंडनमध्ये आजारपणात आणि विस्मृतीत दिवस काढत असताना महाराजांनी त्याच्या नावानं सोसायटी काढली आणि त्याच्या रचना एचएमव्हीकडून मुद्रित करून घेतल्या. लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष. रिचर्ड श्ट्राउसची ‘चार अखेरची गाणी’ १९५० साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली ती महाराजांनी खर्चाची हमी घेतली म्हणून. त्यांच्या नावच्या रस्त्यावर आज गिऱ्हाइकाला ‘बेस दाखवायला’ वूफर चालू करतात आणि फळीवरचे बाकीचे स्पीकर थरथरायला लागतात.

दुकानातला हा डेमो बोर्ड नीट पाहण्यासारखा असतो. जाड प्लायवूड, त्यात स्पीकर घट्ट बसवलेले, मागे बंद जागा, आणि भिंतीला टेकलेलं सगळं. तिथं कुठलाही बरा स्पीकर छान वाजतो. त्यात दोन स्पीकर तुलनेला लावले तर जो किंचित मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. हा आपल्या सगळ्यांच्या कानांचा दोष, आणि विकणाऱ्याला तो पाठ असतो. तोच स्पीकर तुमच्या गाडीच्या पातळ पत्र्याच्या दारात गेला की निम्मा होतो. मग गिऱ्हाईक परत येतं आणि त्याला अ‍ॅम्प्लिफायर विकला जातो.

वॉटच्या आकड्यांचंही असंच. चार हजारांच्या डेकवर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलेलं असतं. हिशेब साधा आहे. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. डेकमधली चिप स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलते, तेव्हा चार ओमच्या स्पीकरला शुद्ध आवाजात जास्तीत जास्त मिळू शकतात २६ वॉट. चिपमधली गळती वजा केली की १८ ते २०. खोक्यावरचे पन्नास हे आवाज पूर्ण फाटलेला असतानाचे आणि क्षणभराचे. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. बंद काचांच्या छोट्या गाडीत १८ वॉट पुष्कळ होतात. बोलण्याच्या पातळीवर ऐकताना एखादा वॉटही लागत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनं चढतो, कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला दसपट वॉट लागतात. म्हणून स्पीकर घेताना खोक्यावरचे वॉट वाचायचे नाहीत, त्याच्या खाली बारीक अक्षरात सेन्सिटिव्हिटी असते ती वाचायची. ८९ डेसिबलऐवजी ९२ चा स्पीकर निवडला तर तेवढ्यानंच डेकची ताकद दुप्पट झाल्यासारखी होते. वेगळा अ‍ॅम्प, त्याची बॅटरीपासून ओढलेली जाड वायर, त्याचा फ्यूज, त्याची मजुरी, हे सगळं वाचतं.

आता दार. या लेखातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, तेव्हा जरा थांबू या.

जुन्या छोट्या गाडीचं डोअर पॅड काढलं की आत दिसतं ते असं: काळ्या चिकट डिंकानं डकवलेला, एव्हाना फाटलेला प्लॅस्टिकचा कागद. त्यामागे आतला पत्रा, आणि त्या पत्र्याला हात आत जाईल एवढाली भोकं. काच वरखाली करणारं यंत्र दुरुस्त करता यावं म्हणून ती ठेवलेली असतात. त्या पलीकडे बाहेरचा पत्रा, ज्यावर रंग आहे तो. बोटानं टिचकी मारली तर टणकन वाजतो. या सांगाड्यात कंपनीचा स्पीकर बसवलेला: कागदी कोन, छोटंसं चुंबक, आणि पंधरा वर्षांच्या उन्हापावसानं कडक होऊन चिरलेली कड.

स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते. या दोन हवा एकमेकींना भेटल्या की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकरचं खोकं असतं ते त्यांची भेट होऊ नये म्हणून. गाडीत दार हेच खोकं, आणि त्याला एवढाली भोकं. म्हणजे भोक पडलेल्या घागरीत कितीही पाणी ओतलं तरी जे होतं तेच इथं: वर कितीही वॉट ओता, खालचा सूर भरत नाही. शिवाय बाहेरचा पत्रा स्वतःच थरथरून आपला एक सूर लावतो, तो वेगळाच.

उपाय आहे ब्यूटिल रबराचे, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेले चिकट पट्टे. बाजारात याला नुसतं डॅम्पिंग म्हणतात. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, निम्म्या भागावर लावलं तरी चालतं. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, वजन वाढतं आणि पैसा वाया जातो. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं मात्र बंद करायची. त्याआधी पत्रा पेट्रोलनं किंवा थिनरनं पुसून कोरडा करायचा, आणि पट्टा छोट्या रोलरनं दाबून घ्यायचा, खाली हवा राहू द्यायची नाही. घाईत हातानं थापटून लावलेलं डॅम्पिंग एक उन्हाळा काढत नाही. स्वस्तात मिळतात ते डांबराचे पट्टे, छताच्या गळतीला वापरतात त्यातले. दिसतात सारखेच. दिवाळीला लावले तर मे महिन्यात सोलापूरला जाईपर्यंत ठीक. तिथं गाडी उन्हात उभी राहिली की वास सुटतो आणि पट्टा घसरून काचेच्या यंत्रात जातो. फरक ओळखायचा तर नाकानं: डांबराचा वास लपत नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दाराच्या अगदी तळाशी बारीक छिद्रं असतात. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत उतरतं आणि त्या छिद्रांतून बाहेर जातं. उत्साहात ती बुजवली तर पाणी आत साठतं आणि दोन पावसाळ्यांत दार खालून कुजायला लागतं. स्पीकर बसवायची कडीही एमडीएफची न घेता प्लॅस्टिकची घ्यावी. एमडीएफ ओल धरून फुगतं. आणि पॅड काढलंच आहे तर मध्यवर्ती लॉकच्या लोखंडी काड्यांना आणि लोंबत्या वायरींना फोमची पट्टी गुंडाळून घ्यावी. शे-दीडशे रुपयांची ही पट्टी जी खडखड घालवते ती दहा हजारांचा अ‍ॅम्प झाकू शकत नाही. काम झाल्यावर पत्र्यावर टिचकी मारा: टण जाऊन ठप यायला हवं. दार लावतानाचा आवाजसुद्धा बदलतो, आणि ज्यांना संगीताशी काही देणंघेणं नाही असे घरातले लोकही ते लगेच ओळखतात.

माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला बाजारानं बेस विकू नये याला आणखी एक कारण आहे, आणि ते आम्ही काय ऐकतो यात आहे. बहुतेक मराठी माणसाच्या गाडीत भीमसेन, कुमार, किशोरीताई, नाट्यपदं, भावगीतं असतात. (भीमसेन मूळचे गदगचे आणि कुमार बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कर्नाटकात बसून मराठी माणूस परदेशात आल्यासारखा उसासे टाकतो त्याला हे अधूनमधून ऐकवावं लागतं.) या संगीतात तळाला असतो तानपुरा. काळी एकचा षड्ज धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याच्या खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. आता चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २,१०० फेरे झाले की सेकंदाला ७० स्फोट. म्हणजे कारमेलारमच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुखानं चालायला लागली, की इंजिन नेमकं खरजावर बसतं. टायरचा घोषही त्याच मुलखातला.

तरी खरज हरवत नाही, ही गंमत. सी. व्ही. रामन १९३३ मध्ये बेंगळुरात आले, पण त्याआधी कोलकात्यात असताना, १९२१ साली त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला होता. तार जिथं छेडली तिथं ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते वरचे सूर जुन्या सिद्धांताप्रमाणे उमटायलाच नकोत. तानपुऱ्यात ते उमटतात, आणि ठणठणीत. कारण घोडीची रुंद वळणदार पाठ आणि तिच्यावर ठेवलेला दोरा, ज्याला आपण जवारी काढणं म्हणतो. एका खरजाच्या तारेतून वरच्या सुरांचा असा घोस निघतो की मूळ ६९ हर्ट्झ कानाला मिळाले नाहीत तरी मेंदू वरच्या सुरांच्या अंतरावरून ते स्वतः भरून काढतो. गाडीतल्या साडेसहा इंची स्पीकरला तानपुरा पेलतो तो यामुळे. लागतात ते स्वच्छ मधले सूर आणि बरा ट्विटर. डग्ग्याचा घुमारा मात्र खरोखर खालचा असतो, साधारण ८० ते १५० हर्ट्झमधला, आणि तो मनगटाच्या दाबानं वरखाली होतो तेव्हा प्रत्येक सूर सारखा ऐकू यायला हवा. हा मुलूख दाराचा. पत्रा गप्प असेल तर डग्गा बोलतो. त्याच्याखालच्या, चाळीस हर्ट्झच्या हादऱ्यांसाठी सीटखाली वूफर लागतो, आणि ‘झिंगाट’ लागल्याशिवाय ज्यांची मुलं गाडीत बसत नाहीत त्यांनी तो जरूर घ्यावा. बाकीच्यांनी ते सात-आठ हजार वाचवावेत.

इंजिन आणखी एका वाटेनं गाण्यात घुसतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि वेगाबरोबर चढत जाते. हा ऑल्टरनेटर. तो बॅटरीला देतो त्या विजेवर बारीक लाटा असतात. संथ इंजिनावर त्या हजार-बाराशे हर्ट्झच्या आसपास पडतात, म्हणजे अगदी आलापाच्या मधोमध. डेकची अर्थिंगची काळी वायर कुठल्यातरी रंगवलेल्या स्क्रूखाली दाबलेली असली की ही शिट्टी हमखास. वायर खरवडलेल्या, उघड्या पत्र्यावर नीट कसली की बहुतेक वेळा जाते. फोन चार्जरला लावून तोच ऑक्सच्या वायरीनं डेकला जोडला तरी शिट्टी येते, कारण अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होतं. तिथं दोन-तीनशे रुपयांचा छोटा आयसोलेटर मध्ये घातला की काम होतं.

वायरिंगमध्ये हट्ट धरावा तो एकाच गोष्टीचा: मूळ वायर कापू द्यायची नाही. प्रत्येक गाडीचा कपलर मिळतो, एका बाजूनं गाडीला, दुसऱ्या बाजूनं डेकला. कारागीर मात्र वायर कापून, पिरगाळून, वर टेप मारून दहा मिनिटांत मोकळा होतो, आणि तो टेप उन्हानं पाघळला की शॉर्टसर्किट. रंग साधारण ठरलेले असतात. पिवळी कायम चालू, लाल किल्लीबरोबर चालू, काळी अर्थिंग. स्पीकरच्या जोड्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी. गाडी बंद केल्यावर डेक दरवेळी स्टेशनं विसरत असेल तर पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली आहे. आणि सगळं नवं बसवूनही बेस गायब असेल तर एखाद्या स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत: एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे. वायरीच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. धन टोकाला धन लागलं असेल तर पडदा बाहेर येतो. जे. सी. रोडवरचे जुने वायरमन आजही हेच करतात.

डेक कोणता? जो खाचेत बसतो, ब्लूटूथ घेतो आणि ज्यात ८० हर्ट्झच्या खालचं दारांना न पाठवण्याची सोय असते तो. चार-पाच हजारांत मिळतो. त्याच पैशांत नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनही मिळते आणि तिचाच खप जास्त आहे. पण त्या किमतीत पैसा काचेत जातो, आवाजाच्या भागाला उरत नाही. काही तर बंद असतानाही वीज पीत राहतात. आठवडाभर पार्किंगमध्ये उभी राहिलेली छोट्या बॅटरीची गाडी सोमवारी सकाळी उठत नाही. नकाशा पाहायला फोन आहे. जुना डेक बदलायचाच नसेल, तर ऑक्सला लावायचं ब्लूटूथचं बोंडुक हजारांत येतं आणि चांगलं चालतं. लायटरच्या भोकात खोचायचा एफएम ट्रान्समीटर मात्र घेऊ नये. देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन ३ जुलै २००१ ला सुरू झालं ते बेंगळुरातच, रेडिओ सिटी. त्यानंतर इथल्या एफएमच्या पट्टीत एवढी दाटी झाली आहे की त्या दुबळ्या ट्रान्समीटरला रिकामी जागा सापडत नाही. इब्लूरला तुमची बंदिश लागते आणि कोडतीला तिच्यात जाहिरात शिरते.

रेडिओचं नाव निघालंच आहे तर, डेक बदलताना अँटेनाची निळी वायर जोडली का ते पाहावं. ती राहिली की स्टेशनं क्षीण होतात आणि माणूस नव्या डेकला शिव्या देतो. आकाशवाणीचं शास्त्रीय संगीत इथं १००.१ वर लागतं, तेवढ्यासाठी तरी. पूर्वी मिडियम वेव्हवर पुण्याहून निघताना ७९२ वर पुणं असायचं, मग हुबळीच्या अलीकडे ७६५ वर धारवाड, आणि तुमकूर आलं की ६१२ वर बेंगळूर. गाव जवळ आल्याचं काट्यावर कळायचं.

तर साधारण पंधरा हजार. माझा हिशेब असा: दोन पुढच्या दारांचं डॅम्पिंग तीन हजार, वेगळ्या ट्विटरचे साडेसहा इंची स्पीकर पाच हजार, डेक चार, कपलर-फ्यूज-कडी-फोम हजार, मजुरी दीड. मागच्या दारांचे जुने स्पीकर तसेच राहू द्यावेत आणि फेडर पुढे सरकवून त्यांना जवळजवळ गप्प करावं. गाणारा माणूस समोर बसतो. बॅलन्सही किंचित डावीकडे हवा: ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्यापाशी, डावा लांब. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो, तेवढ्यानंही गायक सरकून तुमच्या उजव्या मांडीवर येऊन बसतो. लाउडनेस बंद. इक्वलायझरवर हसऱ्या तोंडाचा आकार करायची सवय आपल्याकडे कॅसेटच्या काळापासून आहे, ती सोडता आली तर पाहा. गळा नेमका त्या खोलगट भागात असतो.

हे सगळं जुन्या गाडीतच जमतं. नव्या गाडीत ती १८० बाय ५० ची खाच उरलेली नाही. स्क्रीन डॅशबोर्डमध्येच ओतलेली, त्याच पडद्यावर एसी, मागचा कॅमेरा आणि सर्व्हिसची आठवण. डेक काढला तर अर्धी गाडी मुकी होते. तिथं कंपनीनं दिलं ते ऐकायचं किंवा वरच्या मॉडेलसाठी लाखभर जास्त मोजायचे. म्हणून जे. सी. रोडवर खोकं फोडून डेक बसवून घेणाऱ्यांत आता आमच्यासारखे जुने गाडीवालेच जास्त दिसतात, आणि तेही फार वर्षं दिसणार नाहीत.

मूळचा डेक आणि मूळचे कागदी स्पीकर फेकू नयेत, पिशवीत घालून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकायची वेळ आली की दलाल ‘म्युझिक सिस्टीम’चे दोन हजारही जास्त देत नाही. तेव्हा आदल्या दिवशी जुनं सामान परत बसवायचं, कपलर असल्यानं तासाभराचं काम, आणि नवे स्पीकर पुढच्या गाडीला किंवा भाच्याच्या गाडीला. ब्यूटिल मात्र सोडवता येत नाही. ते पत्र्याला धरून बसतं आणि पुढच्या मालकाला फुकट जातं. त्याला एवढंच कळेल की या जुन्या गाडीचं दार लावताना चांगलं वाटतं.